सहा प्रश्नांची शिदोरी : डॉ. आनंदीबाई जोशी
(एस. वाय. बी. ए.)

सायकलवरून लांबच्या सफरीला निघणारा माणूस आदल्या रात्री आपले सामान जमिनीवर मांडून बसतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालते? पंक्चरचे सामान घ्यायचे, पंप घ्यायचा, पाने घ्यायचे, औषधे घ्यायची. पण सगळेच घेतले तर घाट चढवणार नाही. म्हणून तो एकेक वस्तू उचलतो, हातात तोलतो आणि बाजूला ठेवतो. बाजूला ठेवलेली प्रत्येक वस्तू म्हणजे जाणूनबुजून पत्करलेला एकेक धोका असतो. थॉमस स्टीव्हन्स नावाचा तरुण एप्रिल १८८४ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तेव्हा त्याच्याजवळ पायमोजे, एक जादा सदरा, तंबूसारखा वापरता येईल असा रेनकोट आणि एक पिस्तूल, एवढेच सामान होते म्हणतात. आपल्या मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी तिघे साडेचार वर्षांनी, सुमारे चव्वेचाळीस हजार मैल तुडवून, मार्च १९२८ मध्ये घरी परतले. निघणारे सहा आणि पोहोचणारे तीन, हा हिशेबही अशा प्रवासातलाच.

पण स्टीव्हन्स अमेरिकेच्या धुळीच्या रस्त्यांवरून पूर्वेकडे सायकल रेटत होता, त्याच महिन्यांत त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर फिलाडेल्फिया शहरात आपल्या कल्याणची एक मुलगी वैद्यकाची पुस्तके वाचत बसली होती. तिचे वय तेव्हा नुकते एकोणीस झाले होते. तिच्या प्रवासाला सायकल नव्हती. आगबोट होती, आगगाडी होती. परंतु प्रवासाची आखणी कशाला म्हणतात आणि धोका डोळे उघडे ठेवून पत्करणे कशाला म्हणतात, हे समजून घ्यायचे असेल तर मला या मुलीच्या चरित्रासारखे दुसरे चरित्र दिसत नाही. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचे नाव आपण सर्वांनी शाळेतच ऐकलेले असते. पहिली भारतीय स्त्री डॉक्टर, एवढे एक वाक्य आपल्याला पाठ असते आणि त्या एका वाक्यापुढे आपण सहसा जात नाही.

कल्याणच्या गणपतराव अमृतेश्वर जोशी यांची ही मुलगी. जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना. जोशी घराणे एकेकाळचे जमीनदार, पण यमूच्या लहानपणी ते वैभव ओसरत चालले होते. कल्याण तेव्हा खाडीकाठचे जुने गाव होते. बंदर आणि वाडे यांच्या जोडीला मात्र एक नवी वस्तू आली होती. ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १८५४ च्या मे महिन्यात कल्याणपर्यंत आली, आणि पुढे तिचे दोन फाटे झाले, एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. आज आपण लोकलच्या दारात लोंबकळत जातो त्या रुळांचे कौतुक आपल्याला उरलेले नाही. परंतु ज्या गावातून एका दिवसात घाटापर्यंत जाता येते त्या गावातल्या माणसांना जग थोडे जवळ वाटू लागत असले पाहिजे. हा माझा तर्क आहे, इतिहास नव्हे.

यमूचे लग्न झाले ते नवव्या वर्षी, १८७४ मध्ये. नवरा गोपाळराव विनायक जोशी, संगमनेरचे, टपाल खात्यात कारकून, बिजवर आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमूची आनंदी झाली. गोपाळराव हा माणूस एका वाक्यात मावणारा नाही. बायकोला शिकवायचेच, या एका ध्यासाने त्यांना झपाटले होते, आणि ज्या काळात बायकोशी दिवसाउजेडी बोलणेही चारचौघांत शोभत नसे त्या काळात ते तिला हाताशी घेऊन पुस्तके वाचायला लावीत. पण याच ध्यासाची दुसरी बाजूही आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रांत नोंदवून ठेवली आहे. शिकण्यात चूक झाली की ते तिला मारीत. लाकूड, पुस्तके, खुर्ची, जे हाताशी येईल ते फेकून मारीत. दहा-बारा वर्षांची ती पोर! बायकोने अभ्यास केला नाही म्हणून मारणारा नवरा, असा माणूस त्या काळी साऱ्या महाराष्ट्रात दुसरा नसेल. आपल्याकडे गोपाळरावांना कोणी देव करते, कोणी राक्षस. मला दोन्ही पटत नाही. त्यांच्यावाचून आनंदीबाई अमेरिकेला गेल्या नसत्या हे खरे, आणि त्यांच्यामुळे त्यांनी जे सोसले तेही खरे. एक खरे दुसऱ्या खऱ्याला खोडून काढीत नाही.

टपाल खात्याच्या नोकरीत बदल्या फार. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असे बिऱ्हाड फिरत राहिले. त्यातच तेराव्या-चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. स्त्री डॉक्टर नाही आणि पुरुष डॉक्टरपुढे बाई आपले दुखणे सांगणार नाही, मग बाळ-बाळंतिणीने करायचे काय? डॉक्टर होण्याच्या निश्चयाचे मूळ या दहा दिवसांत आहे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे अमेरिकेतल्या कॉलेजकडे प्रवेशासाठी अर्ज करताना त्यांनी आपल्या देशातल्या बायकांच्या याच अडचणीवर बोट ठेवले होते.

अमेरिकेला जाण्याची कल्पना प्रथम गोपाळरावांची. १८७८ साली कोल्हापुरात असताना त्यांनी तिथल्या मिशनमधून अमेरिकेला परत गेलेल्या रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले : बायकोला शिकवायचे आहे, तिकडे मला नोकरी मिळेल का? वाइल्डरसाहेबांनी ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि पत्र व उत्तर दोन्ही आपल्या मासिकात छापून टाकले. प्रकरण तेथेच संपायचे. परंतु १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो मासिकाचा जुना अंक त्यांच्या हाती आला. न पाहिलेल्या देशातल्या न पाहिलेल्या मुलीसाठी त्यांना वाईट वाटले आणि त्यांनी पत्र टाकले. गोपाळरावांचे बिऱ्हाड तोवर भूजला गेले होते. तेथून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एका दुखऱ्या दातावर एवढी मोठी गोष्ट उभी आहे हे वाचून मी तर थक्क झाले!

योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. पण योगायोगाने फक्त दार किलकिले झाले. तीन वर्षे पत्रे चालू राहिली, एकमेकींच्या देशाच्या चालीरीती, खाणेपिणे, धर्म, बालविवाह, सगळे बोलून झाले, आणि परक्या मुलखात आपल्या हक्काचे एक घर आनंदीबाईंनी निघण्याआधीच बांधून ठेवले. घाटमाथ्यावर मुक्कामाचे ठिकाण आधी ठरवून मगच घाट चढायला घ्यावा, तशी ही तयारी होती. कोणते कॉलेज, हेही कलकत्त्यातच ठरले. एका डॉक्टर दांपत्याने पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाचे नाव सुचविले होते.

आणि आता या चरित्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कलकत्त्यात आनंदीबाईंची प्रकृती चांगली नव्हती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधून मधून ताप, कधी धाप लागणे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. म्हणजे ज्या शरीराच्या बळावर हा प्रवास करायचा ते शरीर निघण्यापूर्वीच कुरकुरत होते, आणि हे त्यांना माहीत होते. त्यातच गोपाळरावांना बरोबर जाणे जमत नाही, तेव्हा तिने एकटीनेच पुढे जावे, असे त्यांनी ठरविले. अठराव्या वर्षी समुद्र ओलांडून एकटी बाई! समुद्रपर्यटनाने पुरुषाचीही जात जात असे, त्या काळची ही गोष्ट.

बातमी फुटली आणि टीकेचा भडिमार सुरू झाला. बाईने घरात तोंड झाकून बसावे, दिवस जाऊ द्यावेत, मग एके दिवशी गुपचूप बोटीत चढावे, हा सोपा मार्ग होता. आनंदीबाईंनी उलटे केले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्या व्याख्यानाला उभ्या राहिल्या आणि लोक जे प्रश्न पाठीमागे विचारीत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडून इंग्रजीतून त्यांची उत्तरे दिली. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर वाळीत टाकले तर? तिकडे काही संकट कोसळले तर काय कराल? आणि जे आजवर कोणा बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे?

हे सहा प्रश्न मी वहीच्या एका पानावर लिहून काढले आणि पुन्हा वाचले. ही नुसती टीकाकारांना दिलेली उत्तरे नव्हेत. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने स्वतःला विचारायचे प्रश्न हेच तर आहेत! जायचे कशासाठी, जवळचा रस्ता आहे का, सोबत कोणाची, परतीची वाट उघडी राहील का, मोडतोड झाली तर उपाय काय. त्यांची उत्तरेही गुळमुळीत नव्हती. इकडे शिकण्याची सोय नाही असे त्यांनी म्हटले नाही. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात स्त्रियांना प्रवेश मिळू लागला होता, इतरत्र सुईणींचे वर्ग होते. परंतु ते शिक्षण अपुरे, शिकविणाऱ्यांची वृत्ती जुनी, आणि मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यावरून पुस्तके घेऊन एकटी बाई चालली तर लोक कसा छळ करतात हे त्यांनी स्वतः अनुभवलेले होते. नवरा का नाही, तर त्यांच्यामागे म्हातारी आई आहे, धाकटे भाऊ आहेत, घर चालवायचे आहे. वाळीत टाकण्याबद्दल त्यांचे म्हणणे असे होते की मी तिकडे इकडच्यासारखीच राहणार, अन्न, वस्त्र, धर्म यांत बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन; त्यावरही टाकायचेच असेल तर आजच का टाकीत नाही?

संकटाविषयीच्या पाचव्या प्रश्नाचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. संकट येणारच नाही, असा धीर त्यांनी कोणाला दिला नाही. संकट कोठेही येते, घरात बसलेल्यालाही येते, मग त्याच्या भीतीने हाती घेतलेले काम का सोडावे, असा त्यांचा रोख होता. सहाव्या प्रश्नाला त्यांनी समाजाचे माणसावर असलेले ऋण पुढे केले. कोणी केले नाही हे न करण्याचे कारण होऊ शकत नाही, हे त्या उत्तराचे सार.

आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच. सहलीची परवानगी काढायची तर मी आईला बरोबर कोण कोण आहे तेवढे सांगते आणि बाकीचे गाळते. आपल्याला अडचणीचा प्रश्न कोणी विचारू नये अशी आपली धडपड असते. अठरा वर्षांच्या मुलीने भरल्या सभेत, परक्या भाषेत, आपल्या विरुद्धचे सगळे प्रश्न आपणच मोठ्याने वाचून दाखवावेत, याला काय म्हणावे?

व्याख्यानाचा परिणाम झाला. वर्तमानपत्रांतून ते गाजले, टपाल खात्यातल्या वरिष्ठांनी लक्ष घातले, थोडाफार निधी जमला. बाकी पैसा त्यांनी सोन्याच्या बांगड्या विकून उभा केला. ७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने त्या निघाल्या. सोबत जॉन्सन नावाच्या एक मिशनरी बाई होत्या, परंतु ती सोबत सुखाची ठरली नाही. धर्मांतराविषयीची टोचणी सुरू झाली आणि आनंदीबाई बधल्या नाहीत. शाकाहार सांभाळताना खाण्याचे हाल झाले. सुमारे आठ आठवड्यांनी, ४ जून १८८३ रोजी, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई बंदरावर न्यायला आल्या होत्या.

रोझेलचा तो उन्हाळा त्यांच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत सुखाचा काळ. घर होते, मावशी होती, मुले होती. नऊवारी नेसून, कुंकू लावून, बांगड्या घालून त्या त्या गावात वावरल्या. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाचे कॉलेज सुरू झाले. डीन रेचेल बॉडली यांनी त्यांचा अर्ज पाहून प्रवेश तर दिलाच, शिष्यवृत्तीचीही सोय केली. येथपर्यंत आखणी बिनचूक उतरली होती. आर्थिक धोका, परक्या गावी निराधार होण्याचा धोका, धर्माचा धोका, एकेकाची सोय आधी करून ठेवलेली होती आणि ती सोय कामी आली.

मग थंडी आली. कल्याण-ठाण्याच्या माणसाला थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे अंगावर घ्यायची एक चादर. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात बर्फ पडते. जी खोली मिळाली तिची शेगडी धड पेटत नसे. पेटली तर धूर, न पेटली तर गारठा. अभ्यास, स्वयंपाक, वर्ग, पुन्हा अभ्यास. नऊवारीच्या काष्ट्यामुळे पोटऱ्या उघड्या राहतात, आणि शब्द तर दिलेला की वस्त्र बदलणार नाही! येथे आनंदीबाईंनी जो मार्ग काढला तो त्यांच्या शहाणपणाची साक्ष देतो. त्या गुजराती पद्धतीने गोल साडी नेसू लागल्या. पाय झाकले गेले, साडीही राहिली. गोपाळरावांना हे कळवून त्यांची संमती विचारण्यात पत्रे खर्ची पडली, आणि इकडून मिळणारी उत्तरे नेहमी समजूतदार असत असे नाही. हजारो मैलांवर बसून बायकोने थंडीत काय नेसावे हे ठरविणे सोपे असते.

परंतु अन्नाच्या बाबतीत असा मधला मार्ग निघाला नाही. त्या देशात त्या काळी शाकाहारी माणसाने पोट भरायचे ते कशावर? बटाटा, पाव, थोडेफार दूध-भाजी. आधीच अशक्त शरीर, त्यात थंडी, त्यात अपुरे अन्न. पहिल्याच वर्षी घटसर्पाने त्यांना गाठले. त्यातून त्या वाचल्या, पण शरीराची झीज भरून निघाली नाही. टीकाकारांच्या चौथ्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराची किंमत त्यांना पाचव्या प्रश्नात मोजावी लागत होती, असे मला वाटते. वाळीत टाकले जाण्याचा धोका टाळायचा म्हणून अन्न-वस्त्राचा शब्द दिला आणि त्या शब्दानेच प्रकृतीचा धोका वाढविला. एक ओझे कमी करावे तर दुसरीकडचे पारडे जड होते! त्यांनी शब्द मोडायला हवा होता का? आज येथे बसून हो म्हणणे सोपे आहे. पण त्या परत आल्यावर एकाही ब्राह्मण घरातली बाई त्यांच्याकडून औषध घ्यायला धजली नसती, तर मग तीन वर्षे शिकून उपयोग काय होणार होता? हा हिशेब त्यांनी केलेला होता. मला तो पटतोच असे नाही. परंतु तो हिशेब होता, हट्ट नव्हता.

अभ्यासात त्या मागे पडल्या नाहीत. त्यांच्या कॉलेजात परदेशच्या आणखी मुली होत्या. १८८५ च्या ऑक्टोबरातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आनंदीबाई, तिघी आपापल्या देशी पोशाखात बसलेल्या. त्या चित्राकडे पाहताना आपण कपडे पाहतो, दागिने पाहतो. मला त्या चित्रात आनंदीबाईंचा चेहरा थकलेला वाटतो, पण पुढचे माहीत असल्यामुळेही तसे वाटत असेल. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आपल्या जुन्या ग्रंथांत जे आहे ते त्यांनी परक्यांपुढे ठेवले, आणि विषयही तोच, ज्याने त्यांना तेरा-चौदाव्या वर्षी घायाळ केले होते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ची पदवी मिळाली. गोपाळराव आदल्या वर्षीच पूर्वेकडच्या वाटेने, जपान करीत, अमेरिकेस येऊन पोहोचले होते. समारंभाला नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला, यांनी हिंदू राहण्याचा शब्द पाळलेला. दोघींनी दोन वेगळ्या वाटा धरल्या होत्या आणि त्या दिवशी दोघी एका मंडपात होत्या. त्याच वर्षी इकडे कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनाही वैद्यकाची पदवी मिळाली. म्हणून पहिली कोण, या वादात मी शिरत नाही.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख डॉक्टर म्हणून बोलावणे पाठविले. आज त्याच रुग्णालयाला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतात. जिथून आठ वर्षांपूर्वी ते पहिले पत्र गेले होते तेच कोल्हापूर! आनंदीबाईंनी जागा स्वीकारली. बोस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात थोडे दिवस अनुभव घेतला, पण खोकला आणि ताप यांनी आता घर केले होते. क्षय. रोबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला तो १८८२ साली, म्हणजे त्या निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. आणि त्यावर पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले. म्हणजे ज्या रोगाचे कारण त्यांच्या पुस्तकात नुकतेच छापले जात होते, त्याच रोगाने त्यांना गाठले होते आणि डॉक्टर असूनही स्वतःला द्यायला त्यांच्यापाशी औषध नव्हते. पोटात औषध म्हणून काय असेल ते विश्रांती आणि चांगले अन्न.

ऑक्टोबर १८८६ मध्ये दोघे परत निघाले आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरले. स्वागत झाले. ज्या बहिष्काराची एवढी धास्ती होती तो पडला नाही. दिलेला शब्द पाळल्याचे फळ मिळाले म्हणायचे. पण कोल्हापूरला जाऊन कामावर रुजू होण्याचे त्राण उरले नव्हते. पुण्यात उपचार झाले, वैद्यांचे झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्या गेल्या. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना राहिला होता. ज्या कामासाठी एवढा प्रवास केला त्याचा एक दिवसही त्यांना मिळाला नाही. एकाही रोग्याची नाडी कोल्हापुरात त्यांनी पाहिली नाही.

मग हा प्रवास फसला म्हणायचा का? आमच्या वर्गात यावर एकदा जुंपली होती. एक पक्ष म्हणाला, तयारी अपुरी होती, प्रकृती सुधारल्यावर जायला हवे होते. दुसरा पक्ष म्हणाला, तो धोका पत्करला नसता तर त्या गेल्याच नसत्या. माझ्या मते या वादात एक प्रश्न राहून जातो : हा धोका पत्करला कोणी? पहिले पत्र गोपाळरावांचे. एकटी जाण्याचा निर्णयही प्रथम त्यांचाच. नवऱ्याने ठरविले आणि अठरा वर्षांची बायको बोटीत चढली, एवढीच जर ही गोष्ट असती, तर ती धाडसाची नव्हे, आज्ञापालनाची गोष्ट झाली असती. दुसऱ्याच्या जिवावर पत्करलेला धोका सोपा असतो. परंतु श्रीरामपूरच्या सभागृहात जी मुलगी सहा प्रश्न मांडून उभी राहिली तिने तो दुसऱ्याचा निर्णय स्वतःचा करून घेतला. तिथून पुढे ती कोणाच्या सांगण्यावरून गेली असे म्हणता येत नाही. आणि अमेरिकेतून तिने नवऱ्याला लिहिलेल्या त्या पत्रांत, ज्यांत त्याच्या मारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, ती मुलगी आता मान खाली घालून बोलत नाही. तीन वर्षांच्या प्रवासात ती मोठी झाली. कदाचित हाही त्या प्रवासाचा एक मुक्काम असेल, जो आखणीत नव्हता.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल यांनी अमेरिकेत त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे लिहिलेले ते चरित्र आजही वाचण्यासारखे आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. तिच्यामुळे हे नाव घरोघर गेले. १९९७ मध्ये अंजली कीर्तने यांचे मोठे संशोधनपर चरित्र आले आणि कादंबरीत न मावलेल्या अनेक गोष्टी कळल्या. २०१९ साली निघालेला चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. चित्रपट पाहून घरी जाताना ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले त्यांनी कॉलेजच्या वाचनालयातून हे चरित्र जरूर काढून वाचावे, असे सुचवावेसे वाटते. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचे नाव दिलेले आहे.

आणि रुखमाबाई! नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार देऊन कोर्टाची पायरी चढलेल्या या मुंबईच्या मुलीचा खटला आनंदीबाई गेल्या तेव्हा चालूच होता. दोन वर्षांनी त्या लंडनला वैद्यक शिकायला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटच्या रुग्णालयांत त्यांनी कित्येक वर्षे काम केले. आनंदीबाईंना जे मिळाले नाही ते त्यांना मिळाले.

आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवल्या आहेत. वर साधा दगड आहे, त्यावर त्यांचे नाव, पदवी, जन्ममृत्यूची वर्षे आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून आलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद आहे. हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणून परत आलेल्या त्या मुलीच्या अस्थी पुन्हा समुद्र ओलांडून गेल्या, आणि या वेळी तिला कोणी एकही प्रश्न विचारला नाही.